पाहुण्यांचा आवाज

लेस्टर प्रुइट आमच्या शाळेच्या ऑफिसात कारकून होते. सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी ते माइकपुढे बसायचे आणि वर्गावर्गांतल्या स्पीकरमधून त्या दिवसाच्या सूचना वाचायचे. जेवायला काय आहे, चार नंबरची बस का उशिरा येणार आहे, कुणाचा डावा हातमोजा सापडला आहे. एरवी खिडकीबाहेर बघत बसणारी माझ्या गणिताच्या तासाची मुलं तेवढी तीन मिनिटं गप्प असत. आवाज काही मोठा नव्हता. पण हातमोजा सापडल्याचं सांगताना, तो ज्याचा आहे त्याचे हात आज गारठले असतील याची त्या माणसाला काळजी आहे, असं ऐकणाऱ्याला वाटे.

मी शाळेत रुजू झाले त्या दिवशी ते एक कोरं कार्ड घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"नव्या शिक्षकांची नावं उद्या वाचायची आहेत. तुमचं कागदावर लिहिलंय, पण कागदाला काय कळतं? तुमची आई कसं म्हणते?"

मी 'कर्णिक' दोनदा म्हणून दाखवलं. त्यांनी ते स्वतःच्या कसल्याशा खुणांमध्ये कार्डावर उतरवलं, ओठांत घोळवलं आणि गेले. दुसऱ्या दिवशी वेबर्न गावात पहिल्यांदाच कुणीतरी माझं नाव नीट घेतलं. पुढे महिन्याभरात सगळ्यांनी त्याचं 'मिसेस के' करून टाकलं. लेस्टरही तेच म्हणू लागले, तेव्हा मी म्हटलं, "तुम्हीसुद्धा?"

"माइकवर पूर्ण," ते म्हणाले. "कॉफी पिताना के."

शाळा ही त्यांची दिवसाची नोकरी. हिवाळ्यात, वर्षातून एक्केचाळीस वेळा, ते निळा कोट घालून तळ्याकाठच्या मोठ्या बंदिस्त मैदानात जायचे. वेबर्नचा व्यावसायिक बास्केटबॉल संघ म्हणजे लँटर्न्स. गावात एके काळी कंदिलांच्या काचा बनत, त्यावरून हे नाव. एक्केचाळीस म्हणजे घरच्या मैदानावरचे सामने. एकतीस वर्षं त्या सामन्यांना खेळाडूंची नावं लेस्टरनी पुकारली.

सामन्याआधी दोन्ही संघांच्या पहिल्या पाच जणांना नावानं बोलावतात. आधी पाहुणे, मग आपले. लेस्टरकडे त्यासाठी दोन आवाज होते. पाहुण्यांचा आवाज सपाट होता. अंगावरचा नंबर आणि नाव एका दमात, दिवे चालू, पुढचा. घरच्यांच्या वेळी मात्र ते आधी एक लांब श्वास घ्यायचे. माइकमधून तो श्वास अख्ख्या मैदानाला ऐकू जायचा आणि त्याबरोबर दिवे मालवायचे. मग त्या अंधारात नाव उठायचं, लांबत जायचं, आणि त्या खेळाडूपुरता एक पिवळा झोत पडायचा.

दिवे गस कोवाल्चिक सांभाळायचा. छताखालच्या मचाणावर बसून. लेस्टरचा शाळेपासूनचा मित्र. त्याला इशारा, कागद, घड्याळ काही लागत नसे. लेस्टरचा श्वास ऐकू आला की त्याचा हात आपोआप खाली येई.

"तू एकदा शिंकलास तरी मी गावाला अंधारात बसवीन," गस म्हणायचा.

"तू डुलक्या काढतोस म्हणून तर मी मोठ्यानं श्वास घेतो," लेस्टर म्हणायचे.

एका गोष्टीत लेस्टर फार काटेकोर होते. घरच्यांचं कौतुक हवं तेवढं करावं, पण पाहुण्या-पाहुण्यांत भेद करायचा नाही. लीगमधला सगळ्यात मोठा खेळाडू असो की आज पहिल्यांदा उतरलेलं पोर, पाचही नावं एकाच मापाची. सामन्याआधी तासभर ते पाहुण्यांच्या खोलीबाहेर कार्डं घेऊन उभे राहायचे. नवा दिसला की तोच प्रश्न, तुमची आई कसं म्हणते?

कॉर्डेल हेस्टिंग्ज आला त्याच्या आदल्या वर्षी लँटर्न्स ब्याऐंशीपैकी त्रेसष्ट सामने हरले होते. लीगचा नियम असा की तळाच्या संघांना नव्या मुलांमधून आधी निवड करता यावी, म्हणजे तळाचे कायम तळाशी राहत नाहीत. त्यातही चिठ्ठ्या टाकल्यासारखं असतं. पिंपातून टेबल टेनिसचे चेंडू निघतात आणि कुणाची पाळी पहिली ते ठरतं. त्या वर्षी चेंडू आमचा निघाला आणि एकोणीस वर्षांचा, सहा फूट सात इंच उंच, दक्षिणेतल्या एका लहान गावचा मुलगा आमच्या बर्फात येऊन पडला. पहिल्या दिवशी त्याच्या अंगात कोटसुद्धा धड नव्हता.

लेस्टर कार्ड घेऊन गेले. प्रश्न विचारला.

"रागावली की पूर्ण म्हणते," कॉर्डेल म्हणाला. "घराच्या ओट्यावरून. चार घरं पलीकडे ऐकू जाईल असं."

"मग मला रागावलेलं दे."

त्यानं लाजत लाजत आईची हाक मारून दाखवली. कॉर्डेल, मग जरा थांबून, हेस्टिंग्ज, शेवट वर उचललेला. लेस्टरनी ती हाक जशीच्या तशी ठेवली. वर्षभरात लोकांनी तिला आपलं काही जोडलं. हाक संपली की अंधारात सगळं मैदान दोनदा पाय आपटायचं. धप्, धप्. वीस हजार माणसांचे पाय. माझ्यासारख्या, खेळातलं फारसं न कळणाऱ्या बाईच्याही छातीत ते वाजायचं.

घरी स्वयंपाकघरात लेस्टर सराव करायचे, तेव्हा त्यांच्या पत्नी मॉरीन लाकडी चमच्यानं टेबलावर दोनदा ठोकायच्या. कधी भांडं घासताघासता नुसताच पाय आपटायच्या. कॉर्डेलच्या वेबर्नमधल्या सहाव्या वर्षी मॉरीन गेल्या. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. कॉर्डेल एकटाच आला, दारातून वाकून आत शिरला आणि पोरांच्या घडीच्या खुर्चीवर गुडघे कानाशी घेऊन जेवला. नंतर सगळे गेले तरी तो थांबला. गस ताटं धूत होता, हा पंच्यानं पुसत होता. लेस्टरनी मला ही गोष्ट तीनदा तरी सांगितली, आणि तिन्ही वेळा त्यात पंचा लाल चौकडीचा होता.

लेस्टरचा मुलगा दूर फीनिक्सला. शाळेतून लेस्टर निवृत्त झाले, दोन वर्षांनी मीही. मॉरीन गेल्यावर त्यांच्या वर्षात एक्केचाळीस दिवस उरले, असं म्हटलं तर फार चूक नाही. बाकीच्या दिवशी ते तळ्यापर्यंत चालत जात आणि परत येत. शुक्रवारी चर्चमध्ये पिरोगी मिळायच्या, बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या करंज्या, वर परतलेला कांदा. तिथे ते, गस आणि मी एका टेबलाशी बसत असू.

नवव्या वर्षानंतरच्या जुलैत कॉर्डेलचा करार संपला. तो दक्षिणेकडच्या समुद्राकाठच्या एका श्रीमंत शहरात गेला. तिथे त्याचे दोन मित्र आधीच खेळत होते आणि तेही त्याच्याच तोडीचे. लीगमधल्या पाच उत्तम खेळाडूंपैकी तीन एका संघात. बातमी आली त्या दुपारी मैदानाच्या पार्किंगमध्ये लोकांनी त्याच्या नावाचे शर्ट जाळले. प्लॅस्टिकच्या अक्षरांचा वास दोन दिवस होता.

त्या शुक्रवारी गसनं पिरोगीला हातही लावला नाही.

"तिघं मिळून जिंकणार. बाकीच्या एकोणतीस गावांनी काय करायचं? तिकीट काढून टाळ्या वाजवायच्या?"

"मिसेस के, तुम्ही गणितवाल्या," लेस्टर म्हणाले. "तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, हिवाळ्यातले निकाल आत्ताच लिहून ठेवता येतील. कोण हरणार हे आधी माहीत असेल तर शिल्लक फक्त उजळणी राहते.

"तेच," गस म्हणाला. "तळाच्याला पहिली निवड, पगाराला मर्यादा, सगळे नियम कशाला केलेत मग? वाटणी सारखी व्हावी म्हणून ना? आणि ही पोरं सुट्टीत एकत्र मासे मारायला जातात आणि ठरवून मोकळी होतात."

लेस्टर बराच वेळ पिरोगीचे तुकडे करत होते.

"त्याला इथे यायचंय का, असं कुणी विचारलं होतं?" ते म्हणाले. "एक चेंडू बाहेर पडला म्हणून तो इथे आला. नऊ वर्षं कुरकुर केली नाही. आयुष्यात एकदा त्यानं स्वतः निवडलं."

"तू त्याचा वकील आहेस?"

"नाही."

"तुला फोन तरी केला का त्यानं?"

लेस्टरनी काटा खाली ठेवला. "कांदा आज जरा करपलाय," ते म्हणाले. गसनं स्वतःच्या ताटातला कांदा त्यांच्या ताटात सरकवला, एवढंच.

पुढचा हिवाळा कठीण गेला. लँटर्न्स हरत होते आणि हरणं बघायला कोण येणार? वरचा मजला रिकामा दिसतो म्हणून टीव्हीसाठी त्यावर काळा पडदा टाकला. लेस्टर एकदा मला म्हणाले, "आपल्या पोरांची नावं पुकारतो ना, ती पडद्यावर आपटून परत येतात. माझी मलाच ऐकू येतात."

आणि मग जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी एक वाजता कॉर्डेलचा नवा संघ वेबर्नला खेळायला यायचा होता. तिकिटं एका सकाळीत संपली. पडदा काढायला माणसं लागली. लोक खेळ बघायला येणार नव्हते. ते कॉर्डेलच्या नावानं शिव्याशाप द्यायला येणार होते.

मंगळवारी ब्रिन्ली मॅकग्रूनं लेस्टरना बोलावलं. सामन्यांचा सगळा कार्यक्रम ही मुलगी बघायची. तीस-बत्तीसची, कामाची, मनानं वाईट मुळीच नाही. बोलणं काय झालं ते लेस्टरनी मला शब्दशः सांगितलं.

"कॉर्डेलचं नाव शेवटी," ती म्हणाली. "नाव घ्या आणि चार सेकंद थांबा."

"कशासाठी?"

"लोकांना ओरडायला."

"ते सांगायला नको. ओरडतील."

"टीव्हीला नीट ऐकू यायला हवं, लेस्टर. या वर्षी पहिल्यांदा खुर्च्या भरल्यात. आणि नाव जरा आंबट तोंडानं घेतलंत तर बहार."

"पाहुण्यांसाठी माझ्याकडे एकच आवाज आहे."

"मग तोच वापरा. पण चार सेकंद."

"बाकी चौघांना थांबणार नाही, तर त्याला कसा थांबू?"

तिनं डोळे चोळले. "हा खेळाचा कार्यक्रम आहे, लेस्टर, कोर्ट नाही. तुमचा करार सामन्यागणिक आहे. वरच्यांना तुमच्या जागी तरुण आवाज हवाय, मी दोन वर्षं तुमची बाजू धरून बसलेय. प्रेमानं सांगते, एवढं करा."

लेस्टरनी तिला होही म्हटलं नाही, नाहीही. पण मनात ठरवलं होतं. कॉर्डेलचं नाव बाकी चौघांसारखंच घ्यायचं, ना कमी, ना जास्त. नोकरी जायची तर जाईल. एकतीस वर्षं पाहुण्यांच्या नावांना एकच माप लावलं, ते या एका नावासाठी मोडायचं नाही.

ठरवलं, आणि मग कळलं की ते जमत नाहीये.

शुक्रवारी सकाळी त्यांचा फोन आला. "मिसेस के, जरा येऊन ऐकता का?"

मी गेले. त्यांनी मला मॉरीनच्या खुर्चीत बसवलं. टेबलावर पाच कार्डं मांडली होती. चार नावं त्यांनी घेतली, सपाट, स्वच्छ, एकासारखं एक. पाचवं कार्ड उचललं, 'नंबर सात' म्हणाले आणि छाती आपोआप भरली. ते थांबले.

"बघितलंत? मी घेत नाही तो श्वास. तोच येतो."

पुन्हा सुरुवातीपासून. पुन्हा तेच. कधी श्वास आवरला तर नावाचा शेवट वर उचलला जाई. कधी ते इतकं चेपून म्हणत की ते नाव न राहता तक्रार वाटे. मी तसं सांगितलं. "हो ना," ते म्हणाले. "तेही अन्यायच." सातव्या वेळी जमलं. आठव्या वेळीही. त्यांनी कार्डांना रबर लावलं आणि माझ्यासाठी कॉफी केली. चमचे जिथे ठेवलेले असत त्या बरणीत लाकडी चमचा अजून होता.

रविवारी त्यांनी मला मॉरीनच्या नेहमीच्या जागेवर बसवलं, पंचांच्या टेबलामागे दुसऱ्या ओळीत. माझ्या शेजारी सभ्य चेहऱ्याचा एक माणूस आपल्या दोन मुलींना शिट्ट्या वाटत होता. समोर कॉर्डेल पाहुण्यांच्या बाकावर, पांढऱ्या कपड्यांत. तो पांढऱ्यात कसा दिसतो हे आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. हातांत तोंड धरून तो जमिनीकडे बघत होता.

लेस्टरनी माइक जवळ ओढला. पहिलं नाव. दुसरं. मैदान अधीर झालं होतं, नावं कुणी ऐकतच नव्हतं. तिसरं. चौथं. सगळी एका मापाची. लोक उभे राहिले. शिट्ट्या तोंडात गेल्या.

"नंबर सात," लेस्टर म्हणाले.

आणि मला तो श्वास ऐकू आला. वीस हजार जणांना आला. लांब, भरलेला, नऊ वर्षांच्या सवयीचा. मचाणावर गसचा हात खाली आला असणार, कारण त्याच क्षणी दिवे मालवले. मिट्ट अंधार झाला आणि त्या अंधारात ती ओट्यावरची हाक उठली, चार घरं पलीकडे जाईल अशी, कॉर्डेल, मग थांबून, हेस्टिंग्ज, शेवट वर उचललेला. पिवळा झोत त्याच्यावर पडला.

धप्, धप्.

सगळ्यांचे पाय नव्हते ते. निम्म्यांचे असतील. ज्यांचे आपटले त्यांनाच ते आपटल्यावर कळलं. माझ्या शेजारच्या माणसानं आपटले आणि तो आपल्या बुटांकडे बघत राहिला. मग कुणालाच काय करावं सुचेना. तेवढ्या अंधारात, भरल्या मैदानात, झोतातला तो एकटा माणूस लेस्टरच्या टेबलाकडे बघत होता.

मग आरडाओरडा सुरू झाला. मी असा कधी ऐकला नाही. लोक त्याच्यावर ओरडत होतेच, पण स्वतःचे पाय फसले त्याचा रागही त्यात होता. गसनं घाईघाईनं दिवे लावले. लेस्टर माइकपासून मागे सरले होते, हात मांडीवर. नंतर घरच्या पाचांची नावं त्यांनी घेतली, पण आवाज पातळ झाला होता आणि श्वास आखूड. गसनं दिवे घालवले ते अंदाजानं.

सामना आम्ही एकतीस गुणांनी हरलो. ते जुलैतच ठरलं होतं.

संपल्यावर मी लेस्टरबरोबर मागच्या बोळात गेले. मला वाटलं ते ब्रिन्लीला भेटायला निघालेत. ते पाहुण्यांच्या खोलीबाहेर उभे राहिले, हातात चार कार्डं. पाचवं खिशात. एकेक खेळाडू अंघोळ करून बाहेर येत होता, आणि लेस्टर त्याला थांबवून म्हणत होते, "आज माझ्याकडून तुमच्या नावाला कमी मान मिळाला. चूक झाली. माफ करा."

चौघांनाही काही कळलं नाही. एकानं पाठीवर थाप मारली. दुसऱ्यानं सही द्यायला पेन काढलं. उंच, ओढलेल्या चेहऱ्याचा एक लिथुआनियन होता, तो म्हणाला, "मला वाटलं या गावात असंच करतात, सर."

"नाही," लेस्टर म्हणाले. "असं कधीच करत नाहीत."

शेवटी कॉर्डेल आला. त्यानं लेस्टरना पाहिलं आणि बॅग खाली ठेवली.

"मिस्टर पी. तुम्ही आज घोळ घातलात."

"घातला, पोरा."

"तुम्हाला त्रास होईल का त्याचा?"

"व्हायचा तो होईल. मी तुझं नाव या चौघांसारखंच घेणार होतो. आठवडाभर घोकलं होतं."

"माझं तसं घेता येत नाही?"

"घेता यायला हवं. तू आता पाहुणा आहेस."

कॉर्डेल भिंतीला टेकला. जवळून तो दमलेला दिसत होता. जिंकलेल्या माणसासारखा मुळीच नाही.

"तिकडे आम्हा तिघांची नावं एकदम घेतात," तो म्हणाला. "तीन झोत, मोठं संगीत, धूर. छान असतं. त्यात माझं कुठलं ते मला कळतच नाही. लोकही एकदमच ओरडतात." मग जरा थांबून, "जुलैत तुम्हाला करायला मी फोन हातात घेतला होता, मिस्टर पी. दोनदा. तुम्ही 'हॅलो' त्या आवाजात म्हणणार, आणि मग माझं जाणं राहिलं असतं."

"राहिलं नसतं," लेस्टर म्हणाले. "मी जा म्हटलं असतं."

"ते मला नको होतं."

लेस्टरनी मान हलवली. त्यांना ते पटलं असावं. आईची तब्येत विचारली, ती बरी होती. बाहेर बसचा हॉर्न वाजला. कॉर्डेलनं वाकून त्यांना मिठी मारली, बॅग उचलली, आणि बोळाच्या टोकाशी दारातून वाकून बाहेर गेला. ते दार चांगलं उंच आहे. तो सवयीनंच वाकला.

मंगळवारी ब्रिन्लीचा फोन आला. ती रडत होती, असं लेस्टर म्हणाले, आणि तिला समजावण्यातच दहा मिनिटं गेली. लेस्टरच्या जागी रेडिओवरचा एक तरुण घेतला. दिवे आता कॉम्प्युटरवर लागतात. गसला मात्र ठेवलं, नुसतं बटणाशेजारी बसायला. त्याला आणखी तीन वर्षं आरोग्यविम्यासाठी नोकरी हवी होती, आणि लेस्टरनीच त्याला राजीनामा देऊ दिला नाही. शुक्रवारच्या टेबलाशी गस आता सामन्यांबद्दल बोलत नाही. हवामानाबद्दल बोलतो. त्यात त्याला गती नाही.

लेस्टरना मी विचारलं होतं, वाईट वाटतं का. ते म्हणाले, खुर्ची गेली त्याचं वाटतं, पण ते सोसेल. "मी त्या चौघांना कमी दिलं, मिसेस के. आणि त्याला जास्त देऊन लोकांपुढे उघडा पाडला. नुसतं सपाट म्हणालो असतो तर लोक ओरडले असते आणि विसरले असते." तळ्यापर्यंतचं चालणं त्यांनी वाढवलं. कधी कधी खिडकीतून मला ते दिसत, बर्फात, हात मागे, ओठ हलताना.

मार्चमध्ये कॉर्डेलचा संघ पुन्हा आला. रविवार, दुपारी एक. मी मसुराचं सूप केलं होतं, ते डब्यात घेऊन लेस्टरकडे गेले. पायऱ्या चढून बेलकडे हात नेला तोच आतून त्यांचा आवाज आला. स्वयंपाकघरातून. मी हात मागे घेतला.

ते पाहुण्यांची नावं घेत होते. पहिलं. दुसरं. तिसरं. चौथं. सपाट, स्वच्छ, एका मापाची.

"नंबर सात, कॉर्डेल हेस्टिंग्ज."

एका दमात. कुठे उचललं नाही, कुठे चेपलं नाही. मागे काही वाजलं नाही. मी डबा धरून उभी राहिले. सवयीनं मनात मोजलं, चारपर्यंत. मग बेल वाजवली.

दार उघडलं तेव्हा कार्डं त्यांच्या हातातच होती.

"ऐकलं मी बाहेरून," मी म्हटलं.

"कसं होतं?"

"चौघांसारखंच."

त्यांनी मान हलवली. कार्डांना रबर लावून ती ड्रॉवरमध्ये ठेवली आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली. टीव्हीवर दिवे मालवत होते, झोत फिरत होते, लोक उभे राहिले होते. त्या तरुणाचं तोंड मोठं उघडलेलं दिसत होतं. लेस्टरनी सूप दोन वाडग्यांत वाढलं. टीव्हीचा आवाज त्यांनी बंदच ठेवला.